मुरूमकडं तोंड केलेली मोटार

१

आंघोळ आणि पूजा आटोपली की मी रोज सकाळी आडतीमागचा पत्र्याचा गाळा उघडायचो. किल्ली माझ्याच कमरेला असायची. आत तुरीची आणि करडईची पोती रचलेली असत, आणि पार मागच्या भिंतीला, विटांच्या ओट्यांवर, माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची, मोटार उभी होती.

उभी म्हणायची एवढंच. चाकं लढाईच्या दिवसांत गेली. रबर कुठं मिळत नव्हतं आणि सरकारी माणूस मागायला आला तेव्हा मी निमूट काढून दिली होती. टपाचं कापड उंदरांनी खाल्लं होतं. मडगार्डांवर हात फिरवला की तांबडी पूड बोटांना लागायची. तरी रोज फडकं मारायचं, असा वहिनींचा शब्द होता आणि मी तो पाळत आलो होतो. अण्णाला जाऊन तिसरं वर्ष लागलं होतं. 'जाऊन' हा शब्द मात्र आमच्या घरात कुणी उच्चारत नसे.

लढाई संपली आणि जुन्या मोटारींना मागणी आली. जुन्या मोटारींचा धंदा करणाऱ्या सोलापूरच्या ईरण्णांचा निरोप दोनदा येऊन गेला होता. माझं मत विकून टाकावी असं होतं. वहिनी म्हणायच्या, दुरुस्त करा. त्यापुढं बोलणं सरकत नव्हतं, कारण खरा प्रश्न मोटारीचा नव्हता हे दोघांनाही कळत होतं. मोटार विकायची म्हणजे अण्णा आता येणार नाही असं म्हणायचं.

२

मार्गशीर्ष लागला होता. एके दिवशी पुढची जाळी पुसताना फडक्याला काहीतरी चिकट लागलं. उजेडात धरून पाहिलं तर टोळ होता, चिरडलेला.

हंगामात ज्वारीच्या रानातून मोटार जोरात नेली की पुढच्या जाळीवर असे किडे बसतात. अण्णा वहिनींना घेऊन आळंदहून आला की ती जाळी साफ करणं माझंच काम असायचं. त्यामुळं हा टोळ कसा चिकटलाय हे मी ओळखलं. तो जाळीवर येऊन मेला नव्हता. जाळी त्याच्यावर येऊन आदळली होती.

मी स्वतःला समजावलं. जुनाच असेल, इतकी वर्षं नजरेतून सुटला असेल. रोज पुसतो ती जाळी, तरी समजावलं.

दुसऱ्या दिवशी तिथं पांढरी फुलपाखरं होती, पिठासारखी फुटलेली. त्याच्या पुढच्या सकाळी एक हिरवा नाकतोडा होता आणि त्याचा मागचा पाय अजून हलत होता.

गाळ्याला खिडकी नव्हती. दाराला बाहेरून कुलूप. पत्र्याला वरच्या अंगाला फट होती, तीतून किडे येत असतील असं धरलं तर ते पोत्यांवर का नव्हते, भिंतीवर का नव्हते? मी मोटारीभोवती फिरलो. विटा जागच्या जागी होत्या. त्यांच्यावरची धूळही मोडलेली नव्हती. मग मी तळहात जाळीच्या वर, पाणी भरायच्या झाकणावर ठेवला.

मार्गशीर्षातली सकाळ, पत्रा हाताला बर्फासारखा लागत होता. झाकण कोमट होतं.

मी गाळा बंद केला आणि दिवसभर आडतीत बसून तूर मापली. कुणाला काही सांगितलं नाही. संध्याकाळी मात्र ईरण्णांना निरोप धाडला की येऊन मोटार बघून जा.

३

अण्णाचं नाव महांतप्पा. आमच्या मुरूम गावात मोटार आणणारा पहिला तोच. बोलायला मोजका, पण मोटारीत बसला की कानडीत गुणगुणायचा. वहिनींचं माहेर आळंद. त्या माहेरी गेल्या की परत आणायला बैलगाडी धाडायची नाही, स्वतः जायचं, हा त्याचा हट्ट. गल्लीच्या तोंडाशी येऊन तो दोनदा भोंगा वाजवायचा आणि वहिनी बोचकं घेऊन बाहेर यायच्या. आत जाऊन पाहुणचार घेत बसणं त्याला आवडत नसे.

त्या साली येळवसच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या, दिवशी सकाळी तो वहिनींना आणायला निघाला. आमच्याकडं येळवसला घरात कुणी राहत नाही. सगळं गाव रानात असतं. कडब्याची कोप उभी करायची, पूजा करायची, भज्जी-भाकरी आणि आंबील घेऊन जेवायला बसायचं. आम्ही जेवण मांडून वाट पाहत बसलो. दुपार कलली. आंबिलीवर साय धरली. अण्णा आला नाही.

मोटार सापडली ती वाटेत, एका मोठ्या लिंबाजवळ, दोन्ही बाजूंना ज्वारी होती तिथं. इंजिन चालू होतं. मागची दोन्ही दारं उघडी होती. आत कुणी नव्हतं. त्या दिवशी माणूस नाही असं रान नव्हतं, पण अण्णाला उतरताना कुणी पाहिलं नाही. पोलिसांचे अमीनसाहेब घोड्यावरून येऊन गेले, विहिरी शोधल्या, ओढा शोधला. वहिनींच्या माहेरची माणसं म्हणाली, महांतप्पा आमच्याकडं पोचलेच नाहीत.

एक गोष्ट तेव्हा सगळ्यांनी पाहिली आणि कुणी फारशी मनावर घेतली नाही. मोटारीचं तोंड मुरूमकडं होतं. वाटेत काही आठवलं असेल, मागं वळला असेल, असं आम्ही म्हणालो. बैल जुंपून मोटार घरी ओढून आणली.

४

ईरण्णा दुपारी आले. जाडजूड, गळ्यात चांदीची लिंगाची करंडी, बोलणं मोकळं. मी गाळ्याचं दार पूर्ण उघडलं आणि पोती मोजत दाराशीच थांबलो. खरं म्हणजे मला आत जायचं नव्हतं.

त्यांनी पुढून पाहिलं, वाकून खालून पाहिलं. मग मागच्या दाराकडं गेले, मुठीला हात घातला आणि एकदम हात काढून दोन पावलं मागं सरले. उपरणं नीट केलं आणि खाली मान घालून बाहेर आले.

"आधी सांगायचं की हो," ते हळू आवाजात म्हणाले. "म्या तसाच चढत होतो."

"काय सांगायचं?"

"वहिनीबाई बसल्यात न्हवं मागं. बायकामाणूस हाय म्हनल्यावर खाकरून तरी गेलो असतो."

तेवढ्यात वाड्याच्या बाजूनं वहिनी चहाचा पितळी पेला घेऊन आल्या. अंगावर घरातलं मळकं लुगडं, हाताला पीठ.

ईरण्णांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग गाळ्यातल्या अंधाराकडं. चहा घेतला नाही.

"हिरवं इरकल हुतं," ते एवढंच बोलले. "मांडीवर बोचकं."

वहिनींनी पेला ओट्यावर ठेवला, दाराशी गेल्या, आत बराच वेळ पाहिलं आणि मला म्हणाल्या, "भावजी, पाव्हण्यास्नी वाटं लावा. मोटार विकायची न्हाई."

५

त्या संध्याकाळी दिवेलागणीला वहिनी ओसरीवर येऊन बसल्या. एरवी त्या माझ्यासमोर बसत नसत.

"तुमाला एक सांगायचं राहिलंय," त्या म्हणाल्या. "आळंदला त्या दिवशी मोटार आली होती."

"तुमच्या घरचे तर न्हाई म्हणाले."

"त्यांनी ऐकली न्हाई. मी ऐकली. दोनदा भोंगा वाजला. मी हिरवं इरकल नेसून बसले होते, बोचकं हातात. उंबऱ्यापाशी आले तर अव्वा म्हणाली, थांब पोरी, कुंकू फिसकटलंय, नीट लावते. तेवढंच थांबले. बाहेर आले तर गल्लीत धूळ उडालेली आणि मोटार वळणावर दिसेनाशी झालेली."

"मग अण्णा तुम्हाला न घेता..."

"ते मला न घेता जातील का?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "त्यांना वाटलं, मी बसले."

मी खांबाचा टेकू सोडून सरळ बसलो.

"कुणाला सांगितलं का न्हाई?"

"काय सांगू? माझ्या नवऱ्यानं दुसरीच बाई घरी नेली म्हणू? लोकांनी त्याचा काय अर्थ केला असता?" मग म्हणाल्या, "ती माझ्या जागेवर बसलीय, भावजी. आज पाव्हण्यांनी बघितली. तिला तशीच सोलापूरला धाडू नका. मोटार चालू करा. येळवसला मला आळंदहून आणायला या आणि भोंगा वाजवा. ह्या खेपेला मी कुणासाठी थांबणार न्हाई."

माझं शिक्षण उस्मानाबादेच्या शाळेत झालेलं, अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. ईरण्णांना अंधारात भास झाला, किड्यांचंही काहीतरी कारण असेल, वहिनींचं मन दुःखानं पोखरलंय, हे सगळं मी मनात नीट मांडलं. ते पटलंही. पण इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं काही मागितलेलं नव्हतं. मी हो म्हणालो.

६

गुलबर्ग्याहून दस्तगीर मिस्त्री आला. लढाईतल्या सामानाच्या लिलावातली चाकं सोलापूरला मिळाली, करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर खेटे घालून मी ती सोडवून आणली. मिस्त्रीनं गाळ्यातच पथारी टाकली, पण पहिल्या रात्रीनंतर तो आडतीच्या ओट्यावर झोपायला आला. का, ते मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

काम मात्र त्यानं मन लावून केलं. वायरी बदलल्या, गंजलेली तळपट्टी ठोकून नवी बसवली. इंजिन उघडल्यावर मला बोलावून घेतलं.

"शेटजी, तुम्ही बोलले, गाडी तीन साल बंद हाय?"

"व्हय."

"पत्रा सडला, ते दिसतंय. पन इंजन..." त्यानं तेलात बुडवलेलं बोट वर केलं. "माझं डोकं चालंना. ह्यो तर कालपरवा बंद केल्यावानी हाय."

"चांगलंच की मग."

"चांगलंच," तो म्हणाला आणि बोट पुसत बसला.

मी आता सकाळी जाळीकडं पाहत नव्हतो. फडकंही मारत नव्हतो. गाळा उघडायचा, पोती काढायची आणि पाठ न दाखवता बाहेर यायचं, एवढंच करत होतो. कधी पोतं उचलताना कानडी गुणगुण ऐकू यायची. अण्णाची नव्हे, बाईच्या आवाजातली, पण अण्णाचीच चाल. मी थांबलो की ती थांबायची. पोत्यांतून धान्य घरंगळतं तेव्हा आवाज होतो, तसलंच काही असेल असं मी म्हणत राहिलो.

वहिनी येळवसच्या आदल्या दिवशी बैलगाडीनं माहेरी गेल्या. जाताना हिरवं इरकल बोचक्यात घेतलं.

७

येळवसला सकाळीच आम्ही निघालो. मिस्त्री चालवत होता, मी त्याच्या शेजारी. मोटार अशी गेली की जणू कालच हा रस्ता केलाय. दोन्हीकडं डोक्याइतकी ज्वारी, अधूनमधून कोपींचा धूर, माणसांच्या हाळ्या. मी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. बैठकीची पाठ आणि माझी पाठ यांच्यामध्ये हवा राहील असा पुढं सरकून बसलो होतो.

आळंदला गल्लीच्या तोंडाशी मिस्त्रीनं मोटार वळवून उभी केली. मी भोंगा दोनदा दाबला.

वहिनी लगेच आल्या. त्यांची आई मागून काहीतरी म्हणत होती, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. उजवीकडचं मागचं दार उघडलं, आणि चढता चढता त्या क्षणभर थांबल्या. आपण गाडीत चढताना आधी बसलेल्या माणसाकडं पाहतो, तसं त्यांनी डावीकडं पाहिलं. मग बोचकं मांडीवर घेऊन बसल्या.

वाटेत मिस्त्री म्हणाला, "डाव्या अंगाला लई वजन हाय शेटजी. चाकावरची कमान दबलीया." मी म्हणालो, रस्ता कलता आहे. रस्ता सपाट होता.

मागं वहिनी हलक्या आवाजात "हूं" म्हणत होत्या. थोड्या वेळानं पुन्हा "हूं". कुणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारखं. मला त्या बोलण्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं, आणि कान झाकून घ्यावेत असं मात्र वाटत होतं.

लिंब दिसायला लागला तसा आजूबाजूचा कालवा थांबला. कोपी होत्या, धूर होता, माणसंही दिसत होती, पण आवाज नव्हता. लिंबापाशी येऊन इंजिन बंद पडलं नाही. मोटारच थांबली. मिस्त्रीचा पाय तर अजून दाबलेलाच होता.

"उतरते मी," वहिनी म्हणाल्या.

उजवं दार उघडल्याचा आवाज आला. त्याच्या मागोमाग डावं दार उघडल्याचा आवाज आला, आणि मोटारीचं डावं अंग हलकं होऊन वर आलं. मला माझ्या बसल्या जागी ते अंगात जाणवलं. मिस्त्रीनं डोळे मिटले होते.

मी मान वळवली तेव्हा वहिनी ज्वारीत शिरत होत्या. हिरवं लुगडं ताटांमध्ये लगेच मिसळून गेलं. मग फक्त कणसं हलताना दिसत होती. वारा नव्हता. कणसांची एक रेघ वहिनींबरोबर पुढं सरकत होती, आणि तिच्या शेजारून, हातभर अंतरावरून, दुसरी. दोन्ही सारख्या वेगानं रानाच्या मधोमध गेल्या आणि थांबल्या.

मी उतरलो. बांधापर्यंत गेलो. त्यापुढं माझे पाय गेले नाहीत, हे खरं तेच सांगतो. "वहिनी" म्हणून हाक मारली, ती माझ्या तोंडापाशीच विरली.

रानाच्या मधोमध, कणसांच्या वर, क्षणभर एक फेटा दिसला. तो कुणाच्या तरी बोलण्याकडं कान द्यावा तसा बाजूला झुकला होता. अण्णा वहिनींचं बोलणं असंच वाकून ऐकायचा. मग तो खाली गेला, बसल्यासारखा.

बऱ्याच वेळानं एक रेघ परत येऊ लागली. एकच.

८

वहिनी बांधावर आल्या. बोचकं हातात नव्हतं. कपाळावर कुंकू नव्हतं. त्या जागी विभूतीचे तीन ओले, ताजे पट्टे होते, आमच्यात नवरा गेल्यावर बाई लावते तसे.

"अण्णा भेटले?" मी विचारलं.

"भेटले."

"मग?"

"त्यांना काही ठाऊक न्हाई, भावजी. त्यांना वाटतंय, मी त्या दिवशी बसले आणि त्यांच्यापाशीच हाय." त्या लिंबाखाली टेकल्या. रडत नव्हत्या. "तिला उठ म्हणायला गेले होते. ती उठलीही असती. पण ते तिच्याशी बोलत होते. इतकं बोलताना मी त्यांना कधी बघितलं न्हवतं. माझ्याकडं पाठ होती. मी हाक मारली असती तर त्यांनी वळून बघितलं असतं, आणि मग त्यांना कळलं असतं ना, की इतके दिवस आपल्यापाशी कोण हाय."

"म्हणून तुम्ही...?"

"म्हणून बोचकं तिच्या हातात दिलं आणि आले."

मी त्यांच्या हातांकडं पाहिलं. बोटं कोरडी होती, राखेचा कणही नव्हता.

"हे कपाळाला कुणी लावलं?"

"तिनं," वहिनी म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनी पदर कपाळावर ओढून घेतला. "हलक्या हातानं लावलं. आईनं लावावं तसं."

परत येताना त्या मागं बसल्या नाहीत. बैलगाडीनं येते म्हणाल्या आणि एका कुणब्याच्या गाडीत चढल्या. मोटार मिस्त्रीनं मुरुमाला आणली आणि तशीच पुढं सोलापूरला नेऊन ईरण्णांच्या दारात लावली. ती मग तुळजापूरच्या वाटेवर भाविकांना घेऊन कैक वर्षं धावली म्हणतात. कुणाला काही दिसल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

अण्णाचे दिवस घालायचं ठरलं. आम्हा लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. बसवून माती देतात. देह नव्हता, म्हणून जंगमस्वामींनी त्याचं धोतर आणि फेटा बसवायला सांगितलं. खड्डा खणायला माणसं निघाली तेव्हा वहिनी दाराशी आल्या. कपाळाला विभूती, अंगावर पांढरं लुगडं. मला आडोशाला बोलावून त्या म्हणाल्या, "भावजी, रुंद घ्यायला सांगा. दोघं बसतील एवढा."

माणसांनी विचारलं, एवढा रुंद कशाला. मी म्हणालो, काळी माती आहे, ढासळते, घ्या रुंद.

त्यांनी घेतला.